कोंदण बदलते तेव्हा

इतिहासाची साधने कोणती असे विचारले, तर आपण बखरी, सनदा, ताम्रपट, नाणी यांची नावे घेतो. दागिन्याचे नाव सहसा कोणी घेत नाही. त्याला कारणही आहे. ताम्रपट मोडून त्याची भांडी करणारे महाभाग आपल्याकडे होऊन गेले हे खरे. पण ताम्रपट काही मोडण्यासाठी खोदलेला नसतो. दागिना मात्र अडीअडचणीला मोडता यावा म्हणूनच पुष्कळदा घडवलेला असतो. आजीच्या गोठ-पाटल्या मोडून नातीच्या बांगड्या होतात, जुन्या तन्मण्याचा खडा नव्या अंगठीत जाऊन बसतो. सोने तेच राहते, रत्न तेच राहते. घडण तेवढी नाहीशी होते. आणि कलेच्या इतिहासाला हवी असते ती नेमकी घडण.

श्रोतेहो, आज मी दोन जवाहीरखान्यांविषयी बोलणार आहे. एक बडोद्याच्या गायकवाडांचा आणि दुसरा इंदूरच्या होळकरांचा. त्यांत किती लाखांचा ऐवज होता, हा माझा विषय नव्हे. असल्या आकड्यांनी डोळे दिपतात, दिसत काही नाही. माझा प्रश्न निराळा आहे. या घराण्यांतील माणसे लंडन-पॅरिसच्या पेढ्यांत खरेदीला गेली, तेव्हा त्यांनी तेथून केवळ वस्तू आणल्या, की काही दृष्टीही आणली? आणि पॅरिसच्या जवाहिऱ्यांनी त्यांच्याकडून केवळ पैसे घेतले, की आणखीही काही घेतले?

याचे उत्तर शोधण्यापूर्वी दोन्हीकडच्या घडणीतला भेद ध्यानात घेतला पाहिजे. आपल्याकडील जुन्या दरबारी जडावाची पद्धत कुंदनाची. दागिन्याच्या पोकळ सांगाड्यात लाख भरायची, तिच्यावर रत्न बसवायचे, रत्नाखाली चमकता वर्ख ठेवायचा आणि मग शुद्ध सोन्याच्या पातळ पट्ट्या रत्नाच्या कडेकडेने दाबून भरायच्या. शुद्ध सोने इतके मऊ असते की ते विस्तवावाचून, नुसत्या दाबाने एकजीव होते. रत्नाची पाठ बंद असते. प्रकाश आरपार जात नाही, तळच्या वर्खावरून परत फिरतो. म्हणून कुंदनातले रत्न लखलखत नाही. ते आतून पेटल्यासारखे दिसते.

पश्चिमेकडे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत वेगळी वाट रूढ झाली. बारीक नखांत रत्न धरायचे, पाठ उघडी ठेवायची, आणि पैलू अशा हिशेबाने पाडायचे की आत शिरलेला प्रकाश फिरून पुढूनच बाहेर पडावा. पुढे प्लॅटिनम आले. ही धातू एवढी चिवट की तिची अगदी बारीक तारही मोठे रत्न पेलते, आणि कोंदण जवळजवळ अदृश्य होते. आपल्या जवाहिऱ्याला रत्नाचे वजन गमावणे जिवावर येई. तिकडचा जवाहिऱ्या तेजासाठी निम्मा हिरा घासून टाकायला मागेपुढे पाहत नसे. हा भेद हत्यारांचा नव्हता. दागिना कशासाठी, याविषयीच्या कल्पनेचाच तो भेद होता.

बडोद्याचे खंडेराव महाराज 1856 ते 1870 या काळात गादीवर होते. जवाहिराचा त्यांना नाद होता, असे म्हणणे म्हणजे पुष्कळच कमी सांगणे झाले. ब्राझीलमध्ये 1853 साली एका गुलाम स्त्रीला खाणीत एक हिरा सापडला होता. कच्चा असताना तो सुमारे 261 कॅरटांचा होता. ॲमस्टरडॅमला पैलू पाडल्यावर 128 कॅरटांचा उरला. ‘दक्षिणेचा तारा’ या नावाने तो 1862 च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात मांडला गेला, आणि पुढे खंडेरावांनी तो विकत घेतला. ज्या देशातल्या गोवळकोंड्याच्या बाजारातून कित्येक शतके जगाला हिरे गेले, त्या देशात ब्राझीलचा हिरा विकत येऊ लागला. कृष्णाकाठच्या जुन्या खाणी तोवर आटल्या होत्या.

पण खंडेरावांचे परदेशी ऋण रत्नापुरतेच होते. आकृती त्यांनी बाहेरून घेतली नाही. याला पुरावा त्यांच्याच दुसऱ्या हौसेचा. 1865 च्या सुमारास त्यांनी मोत्यांचा एक गालिचा करवून घेतला. मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर अर्पण करण्याचा त्यांचा संकल्प होता, असे परंपरा सांगते. मराठा राजाच्या मनात ही गोष्ट यावी, यात त्या काळच्या माणसांना फारसे नवल वाटले नसावे. सुमारे पावणेनऊ फूट लांब आणि पावणेसहा फूट रुंद अशा या वस्त्रावर पंधरा ते वीस लाख बारीक मोती ओवलेले आहेत, आणि त्यांमधून रत्नांची व रंगीत काचेची वेलबुट्टी फिरते. खंडेराव वारले, गालिचा बडोद्यातच राहिला. 1902-03 च्या दिल्लीच्या प्रदर्शनात तो लोकांनी पाहिला. पुढे तो घराण्याबरोबर युरोपात गेला आणि 2009 साली दोहा येथे लिलावात सुमारे 55 लाख डॉलरना विकला गेला. आता तो कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. ‘बसरा मोती’ म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते मोती त्याच आखातातले. दीडशे वर्षांनी ते आपल्या समुद्राकाठी परत गेले. ज्यांनी ते एकेक करून ओवले, ते बडोद्याचे कारागीर मात्र निनावीच राहिले.

यानंतरचे महत्त्वाचे वर्ष 1911. त्या डिसेंबरात पंचम जॉर्जचा दिल्ली दरबार भरला. मराठी माणसाला तो दरबार सयाजीराव गायकवाडांमुळे आठवतो. अंगावर जवाहिराचा थाट न ठेवता, हातात साधी छडी घेऊन ते बादशहापुढे गेले, आणि परतताना त्यांनी पाठ फिरवली, यावरून विलायतेच्या वृत्तपत्रांनी केवढे काहूर उठवले! दागिना घालून जसे काही बोलता येते, तसे तो उतरवूनही बोलता येते, हे त्या दिवशी दिल्लीने पाहिले. त्याच दरबाराच्या निमित्ताने पॅरिसच्या प्रसिद्ध कार्तिये बंधूंपैकी धाकटा, ज्याक, प्रथमच हिंदुस्थानात आला होता. विक्रीसाठी त्याने पॅरिसचा उत्तम माल बरोबर आणला होता. येथे आल्यावर त्याला दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे, जवाहिराचे खरे गिऱ्हाईक येथे राणी नसून राजा आहे. दुसरी अशी की, या राजांना नव्या रत्नांची गरजच नाही. त्यांना हवे आहे ते आपल्या जुन्या रत्नांना पॅरिसच्या तऱ्हेचे नवे कोंदण.

तेव्हा विकायला आलेला हा व्यापारी विकत घेऊ लागला. पाने, फुले, कलिंगडासारख्या पाकळ्या कोरलेले पाचू, माणके, नीलम ही आपली जुनी मोगलाईतील परंपरा. युरोपात रत्नाला पैलू पाडीत. त्यावर वेलबुट्टी कोरणे तेथे विरळा. कार्तियेच्या कारखान्यात ही कोरीव रत्ने हिऱ्यांच्या आणि प्लॅटिनमच्या साथीने बसवली गेली, आणि 1920 नंतरच्या दशकात लाल-हिरव्या-निळ्या रंगांची एक नवीच तऱ्हा पॅरिसमध्ये गाजली. ‘तुत्ती फ्रुत्ती’ हे तिचे आजचे नाव फार नंतरचे, 1970 नंतरचे. फळांच्या मिसळीचे नाव रत्नांना देणारे लोक धन्य होत! 1936 साली या पेढीने डेझी फेलोज या धनिक स्त्रीसाठी असल्याच कोरीव रत्नांचा जो हार घडवला, त्याला मात्र सरळ ‘हिंदू हार’ असे नाव मिळाले.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. ज्या वर्षांत आपले राजे बापजाद्यांचे शिरपेच आणि बाजूबंद ‘जुनाट’ म्हणून मोडायला पॅरिसला पाठवीत होते, नेमक्या त्याच वर्षांत पॅरिस त्या शिरपेचांतली रत्ने ‘अगदी नवी’ म्हणून आपल्या स्त्रियांच्या गळ्यात घालीत होते. दोघेही एकमेकांच्या घरात प्रेरणा शोधीत होते. फरक एवढाच की, पॅरिसने घेतलेल्या प्रेरणेची रेखाटने वह्यांत जपून ठेवली, तारखांसह. आपल्याकडे जे मोडले, त्याचे बहुधा चित्रही काढून ठेवले नाही.

आता इंदूरकडे वळू. तुकोजीराव होळकर तिसरे यांनी पहिल्या महायुद्धापूर्वी पॅरिसच्या शोमे या पेढीकडून गोवळकोंड्याचे दोन हिरे घेतले. नासपतीच्या आकाराचे, प्रत्येकी जवळजवळ 47 कॅरटांचे, आणि एकमेकांना इतके जुळणारे की अशी जोडी मिळणे ही नशिबाचीच गोष्ट. आपलेच हिरे फ्रान्सच्या दुकानातून परत विकत घेतल्याची ही आणखी एक कथा. बावला खून प्रकरणाच्या वादळात तुकोजीरावांना 1926 साली गादी सोडावी लागली. ते हिरे आणि ती गादी त्यांचे चिरंजीव यशवंतराव यांच्याकडे आली. त्यांचा जन्म 1908 चा. 1930 साली त्यांच्या हाती पुरा कारभार आला.

या तरुणाविषयी लोक दोन टोकांनी बोलतात. कोणी म्हणतात उधळा, कोणी म्हणतात रसिक. मला वाटते, तो दोन्ही होता. परंतु त्याच्या रसिकतेचा प्रकार आपल्या संस्थानिकांत अपूर्व होता. इतर राजे पॅरिसला जात ते दुकानांत. यशवंतराव आणि त्यांच्या राणी संयोगिताबाई जात त्या कारागिरांच्या आणि कलावंतांच्या कारखान्यांत. ऑक्सफर्डच्या दिवसांत त्यांची एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पज्ञाशी मैत्री झाली होती. त्याच्याकडून त्यांनी इंदुरात 1930 ते 1933 या काळात माणिकबाग हा राजवाडा बांधून घेतला. या वाड्याला महिरपी नाहीत, झुंबरे नाहीत, सोन्याचा मुलामा नाही. भिंती सपाट, रंग मोजके, उजेड आडपडद्याचा. आत रूलमानचे मेज, आयलीन ग्रेची खुर्ची, सोन्यो आणि आलिक्स यांनी काच व धातू वापरून केलेला पलंग, ला कॉर्बुझ्येची आरामखुर्ची, दा सिल्व्हा ब्रून्सचे गालिचे, प्युइफोर्काची चांदीची भांडी. ही आज कलेच्या इतिहासातली मोठी नावे आहेत. यशवंतरावांनी त्यांना काम दिले तेव्हा त्यांतील कित्येक जण धडपडत होते, आणि जगावर मंदी कोसळलेली होती. त्या मंदीत माळव्यातल्या शेतकऱ्याच्या धान्याचा भावही कोसळला होता, हेही येथेच सांगून ठेवले पाहिजे. पैसा शेवटी त्याचाच होता.

पण दृष्टी? ती पाहायची असेल, तर बर्नार बूते द मोंव्हेल या फ्रेंच चित्रकाराने काढलेली यशवंतरावांची दोन चित्रे जोडीने पाहावीत. पहिले 1929 चे. त्यात हा उंच, सडपातळ तरुण पश्चिमी पद्धतीच्या रात्रीच्या पोषाखात उभा आहे; काळा अंगरखा, पांढरा शर्ट, दागिना म्हणावा तर जवळजवळ नाहीच. दुसरे 1934 चे. त्यात तोच तरुण मराठी दरबारी वेषात गादीवर बसला आहे. डोक्यावर पगडी, अंगात शुभ्र वस्त्र, आणि गळ्यात ते दोन नासपती हिरे. हिरे गोवळकोंड्याचे, कोंदण पॅरिसचे, पगडी आपली आणि कुंचला फ्रेंच. तरीही ते चित्र विजोड वाटत नाही. याचे कारण त्याच्या मोजकेपणात आहे. पूर्वीच्या महाराजांच्या छायाचित्रांत माणूस मोत्यांच्या सरींखाली बुडालेला असतो, कंठ्यांवर कंठे, त्यावर पदके. येथे पांढऱ्या रानात एकच ठसठशीत अलंकार आहे आणि नजर दुसरीकडे जाऊच शकत नाही. माणिकबागेच्या सपाट भिंतीपुढे एकच शिल्प ठेवावे, तसाच तो हार ठेवलेला आहे. दागिना आणि घर यांची आकृती एकाच मनातून निघाल्याची खूण मला या चित्रात दिसते. शिवाय असेही वाटते की ही गोष्ट त्यांनी पॅरिसमध्ये शिकण्याची गरजच नव्हती. नऊवारीतल्या साध्या चेहऱ्यावर एकच टपोरी नथ घालणाऱ्या आपल्या बायकांना ती पिढ्यान् पिढ्या ठाऊक होती. पेशवाईतल्या पुरुषाच्या कानातली भिकबाळी हे तरी दुसरे काय?

हिऱ्यांचे कोंदण मात्र स्थिर राहिले नाही. 1933 पासून मोबूसँ ही दुसरी फ्रेंच पेढी दरबारचे काम पाहू लागली आणि तिने ती रत्ने नव्या आकृतीत बसवली. शिल्पाची खरेदी याच सुमाराची. ब्रांकुशी या शिल्पकाराचा ‘अवकाशातील पक्षी’ यशवंतरावांनी एक ब्राँझचा घेतला आणि आणखी दोन, एक पांढऱ्या व एक काळ्या संगमरवरातला, करायला सांगितले. या पक्ष्यांसाठी इंदुरात एक ध्यानमंदिर बांधायचे, असा बेत ठरला. 1937 साली संयोगिताबाई वारल्या. त्या वर्षाच्या अखेरीस ब्रांकुशी जागा पाहायला इंदूरला येऊन गेला. पण मंदिर उभे राहिले नाही ते नाहीच. मग युद्ध आले. 1946 साली ते दोन हिरे न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने विकत घेतले आणि त्यांना पुन्हा पैलू पाडून आणखी हलके केले. 1948 साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले, 1961 साली यशवंतराव गेले. संगमरवरी पक्षी आज ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहेत. माणिकबागेतील सामान 1980 साली माँटे कार्लो येथे लिलावाने विकले गेले. 2019 साली पॅरिसच्या अलंकरणकला संग्रहालयाने त्या विखुरलेल्या वस्तू गोळा करून ‘आधुनिक महाराजा’ म्हणून मोठे प्रदर्शन भरवले. ज्या इंदूरसाठी त्या घडल्या, तेथील वाड्यात सरकारचे करवसुलीचे कार्यालय आहे.

बडोद्याची अखेर याहून नाटकी. प्रतापसिंह गायकवाडांशी 1943 साली विवाह करून आलेल्या सीतादेवी पुढे मोनॅकोत राहू लागल्या आणि जवाहीरखान्यातले पुष्कळसे जवाहीर त्यांच्याबरोबर गेले. ‘व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्स’ या पेढीकडून 1950 साली त्यांनी जो हार करवला, त्यात कमळाची आकृती आहे आणि तेरा पाचू लोलकांसारखे झुलतात. पॅरिसच्या कारागिराने कमळ काढावे आणि ते बडोद्याच्या राणीने घालावे, इथवर ती देवघेव आली होती. त्यांच्याच पायांतले पाचू-हिऱ्यांचे तोडे 1953 साली विन्स्टनने घेतले आणि त्यांचा गळ्यातला हार केला. तो विंडसरच्या डचेसने घेतला. 1957 साली न्यूयॉर्कच्या एका समारंभात सगळे त्या हाराची वाखाणणी करीत असता, ही रत्ने माझ्या पायांतही अशीच शोभत होती, अशा अर्थाचे काहीतरी सीतादेवी बोलल्या, आणि डचेसने तो हार विन्स्टनला परत केला, असे सांगतात. आपल्याकडे सोने म्हणजे लक्ष्मी, म्हणून ते पायांत घालायचे नाही; तो मान राजघराण्याचा. ही मर्यादा ज्याला ठाऊक आहे, त्यालाच या गोष्टीतला खरा डंख कळेल. पॅरिस-न्यूयॉर्कला त्यात फक्त दोन श्रीमंत बायकांचे भांडण दिसले.

या साऱ्या खरेदीतून आपल्या कारागिराच्या पदरात काय पडले, हा प्रश्न मला सुटत नाही. माणिकबागेचे खिळेमोळेदेखील परदेशी कारखान्यांतून घडून आले होते. आकृती विकत आली. ती काढणारा हात, ती शिकवणारी शाळा मागे राहिली. म्हणून घेणारा गेला तेव्हा सगळेच गेले. त्याच वर्षांत त्याच इंदुरात दत्तात्रेय देवळालीकर आपल्या चित्रशाळेत मुलांना रेखाटन शिकवीत होते. नारायण बेंद्रे आणि मकबूल फिदा हुसेन ही तेथली मुले. सयाजीरावांना हा प्रश्न फार लवकर सुचला होता. त्यांनी 1890 साली बडोद्यात कलाभवन काढले. तेथे चित्रकला, वास्तुकला, रंगकाम, यंत्रकाम अशी हातांची विद्या शिकवली जाई. दादासाहेब फाळके तेथेच काही काळ शिकले. कलाभवनावर झालेला खर्च लिलावाच्या याद्यांत सापडत नाही.

आणि होळकरांच्याच राज्यातला आणखी एक कारखाना. अहिल्याबाईंनी अठराव्या शतकात महेश्वरला बाहेरून विणकर आणून वसवले. किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडांवर जी नक्षी खोदलेली आहे, तीच त्या विणकरांनी साडीच्या काठांत उतरवली: वीट, चटई, लाटा, चमेलीचे फूल. विसाव्या शतकात हा धंदा पार बसत चालला होता. 1978 साली यशवंतरावांचे पुत्र रिचर्ड होळकर आणि त्यांच्या पत्नी सॅली यांनी ‘रेवा’ संस्था काढून स्त्रियांना मागांवर बसवले. आता त्या गावात मागांचा आवाज पुन्हा ऐकू येतो. काठाची नक्षी मागाच्या वरच्या अंगाला असलेल्या पट्ट्यांच्या साखळीत बांधलेली असते. कोणते धागे वर उचलायचे ते त्या पट्ट्या ठरवतात, आणि साखळी बदलली की काठ बदलतो. जुनी साखळी खुंटीला टांगून ठेवली, की पुढच्या हंगामात तोच काठ पुन्हा निघतो. त्या काठांपैकी एकाला महेश्वरचे विणकर ‘हिरा’ म्हणतात.